पुढच्या पिढीचे यंत्र



व्याख्यानमालेच्या फलकावर आजच्या विषयाचे नाव वाचून एका वयस्क गृहस्थांनी मला दारातच अडवले आणि विचारले, “अहो, व्हिडिओ गेमवर व्याख्यान? मग विटीदांडूने काय पाप केले होते?” प्रश्न रास्त आहे. वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय यावे, अर्थकारण यावे, इतिहास यावा. मुलांच्या हातातल्या खेळण्याने येथे काय म्हणून यावे? मी त्यांना एवढेच म्हणालो की, ज्या वस्तूसाठी घरात पन्नास हजार रुपये खर्च होतात, जिच्यापायी परीक्षेच्या दिवसांत बापलेकांचे बोलणे बंद होते, आणि जिच्यापुढे बसून आपली नातवंडे संध्याकाळची संध्याकाळ घालवतात, ती वस्तू खेळणे असली तरी तिचा विचार पोरकट म्हणता येणार नाही.

विषय मला सुचला तोही घरातच. माझा नातू नेरूळला राहतो, आठवीत आहे. त्याने वर्षभर पैसे साठवले आणि एक दिवस येऊन म्हणाला, “आजोबा, पाच नंबरचा प्लेस्टेशन आता घेऊ, की सहा नंबरचा येईपर्यंत थांबू?” मला उत्तर देता येईना. म्हणून मी वाचू लागलो, जाणत्यांना विचारू लागलो, आणि त्या चौकशीतून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे मांडणार आहे. नातवाच्या प्रश्नाचे उत्तर शेवटी देईन.

प्रथम या यंत्राची वंशावळ पाहू. कन्सोल म्हणजे दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळण्यासाठीच बनवलेला संगणक. जपानच्या सोनी कंपनीने आपले पहिले प्लेस्टेशन ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानात विक्रीस आणले. दुसरे २००० साली आले, तिसरे २००६ साली, चौथे २०१३ साली आणि पाचवे २०२० च्या नोव्हेंबरात. म्हणजे सहा-सात वर्षांनी एक याप्रमाणे. दुसरे प्लेस्टेशन तर जगभर सुमारे १६ कोटी विकले गेले. घरात खेळण्याचे दुसरे कोणतेही यंत्र त्याच्यापुढे गेल्याचे कोणी सांगत नाही. पाचवे २०२५ च्या सप्टेंबरअखेर ८ कोटी ४० लाखांवर पोचले होते. या व्यवसायातले लोक अशा प्रत्येक नव्या यंत्राला ‘पिढी’ म्हणतात. शब्द मोठा मासलेवाईक आहे. माणसांची एक पिढी जाऊन दुसरी यायला पंचवीस-तीस वर्षे लागतात. यंत्रांच्या तेवढ्या काळात चार-पाच पिढ्या होऊन जातात. आणि दोन्ही पिढ्या एकाच दिवाणखान्यात नांदतात!

आपल्याकडे या वस्तूचा प्रवेश मागल्या दाराने झाला. आज जे पस्तीस-चाळिशीत आहेत त्यांना १९९०-९५ च्या सुमारास मिळणारे ते टीव्ही गेम आठवत असतील. वर कॅसेट खोचायची, ती चालली नाही तर काढून तोंडाने फुंकर मारायची, पुन्हा खोचायची. त्यासोबत बदके मारायची एक प्लॅस्टिकची बंदूक येई. कॅसेटवर ‘९९९९ खेळ’ असे छापलेले असे, आणि प्रत्यक्षात तेच सात-आठ खेळ नावे बदलून फिरून येत. ती बहुतेक जपानी निंटेंडो यंत्राची नक्कल होती. वाशी, कोपरखैरणे, नेरूळ ही उपनगरे तेव्हा नुकती भरत होती. सिडकोच्या त्या छोट्या घरांतून ज्याच्या घरी असे यंत्र असेल त्याच्याकडे अख्ख्या मजल्यावरची मुले जमत. यंत्र नकली होते, पण गर्दी अस्सल होती. हे वाक्य लक्षात असू द्या. मी त्याच्याकडे परत येणार आहे.

पुढे अस्सल माल येऊ लागला, पण उशिरा आणि महाग. चौथे प्लेस्टेशन भारतात जानेवारी २०१४ मध्ये ३९,९९० रुपयांना आले. पाचवे जगात नोव्हेंबर २०२० मध्ये आले आणि आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ रोजी. किंमत ४९,९९० रुपये. साधारण नियम असा की विजेची उपकरणे जुनी होतात तशी स्वस्त होतात. येथे उलटे झाले. २०२२ च्या नोव्हेंबरात त्याच यंत्राची किंमत ५४,९९० रुपये झाली. अमेरिकेतही २०२५ च्या ऑगस्टमध्ये ५० डॉलरची वाढ झाली. २०२४ च्या नोव्हेंबरात या यंत्राची ‘प्रो’ नावाची जादा शक्तीची आवृत्ती आली तेव्हा तर आणखीच गंमत झाली. तिच्यात बिनतारी इंटरनेटसाठी ज्या लहरींचा पट्टा वापरला आहे त्याला आपल्या देशात तेव्हा मोकळीक नव्हती, म्हणून ती भारतात विक्रीलाच आली नाही. यंत्र तयार, गिऱ्हाईक तयार, पण आकाशातून वाट नाही! पुढे २०२५ साली त्या पट्ट्याचा खालचा भाग परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा सरकारने प्रसिद्ध केला. तेव्हा पहिली अपेक्षा अगदी साधी आहे. पुढची पिढी येईल तेव्हा ती आपल्याकडे जगाबरोबर यावी, शिळी होऊन येऊ नये.

आता यंत्राच्या पोटात काय असेल ते पाहू. ९ ऑक्टोबर २०२५ रोजी सोनीचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी आणि एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीचे जॅक हुइन यांनी एकत्र बसून आपण काय करीत आहोत ते लोकांना दाखवले. या तऱ्हेची योजना काही वर्षांनी येणाऱ्या कन्सोलमध्ये आणण्याची उत्सुकता सर्नी यांनी बोलून दाखवली. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. त्यांची इंग्रजी नावे बाजूला ठेवून मी त्या आपल्या भाषेत सांगतो.

पहिली गोष्ट रांगोळीची. आपण आधी ठिपके काढतो आणि मग ते जोडतो. पडद्यावरचे चित्रही लक्षावधी ठिपक्यांचे असते, आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला साठ वेळा काढायचा म्हणजे यंत्राची दमछाक होते. म्हणून नवी युक्ती अशी की थोडे ठिपके खरोखर मोजून काढायचे आणि मधले, सरावलेल्या नजरेने, अंदाजाने भरायचे. जी बाई तीस वर्षे रांगोळी काढते तिला पुढची रेघ मोजावी लागत नाही. प्रो आवृत्तीत ही युक्ती आलेलीच आहे. पुढच्या यंत्रात चिपमधले निरनिराळे भाग एकजुटीने हे काम करतील.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. संध्याकाळी खाडीच्या पाण्यावर दिव्यांची प्रतिबिंबे हलतात. लाटेबरोबर प्रत्येक किरण कोठून निघाला, कोठे आपटला आणि डोळ्यांपर्यंत कसा पोचला, याचा हिशेब निसर्ग फुकट करतो. यंत्राला मात्र तो एकेका किरणामागे मांडावा लागतो. आजवर हे काम इतर कामांतून सवड काढून होत असे. आता त्यासाठी चिपमध्ये वेगळा विभागच ठेवण्याची योजना आहे.

तिसरी गोष्ट पुलाची, आणि ती आपल्याला अधिक सांगायला नको. १९७३ साली वाशीचा पहिला खाडीपूल झाला. गर्दी वाढली तसा दुसरा आला, आणि आता तिसराही. यंत्रातही स्मृती एका तीराला आणि हिशेब करणारी चिप दुसऱ्या तीराला असते. मधल्या पुलावर कोंडी होते. नवे पूल बांधणे खर्चाचे आहे. म्हणून जी माहिती पुलावरून न्यायची ती सगळीच्या सगळी दाबून लहान करायची; एकेका मोटारीत एकेकटे न बसता चौघे बसून गेले म्हणजे तोच पूल पुरतो, तसे.

या तिन्ही गोष्टींत एक समान सूत्र आपल्याला दिसले असेल. तिन्ही काटकसरीच्या आहेत. असे का? याचे उत्तर एका छोट्या हिशेबात आहे. पहिल्या प्लेस्टेशनची मुख्य स्मृती २ मेगाबाइट होती, दुसऱ्याची ३२. तिसऱ्याची दोन्ही कप्पे मिळून ५१२. चौथ्याची ८ गिगाबाइट, म्हणजे ८,१९२ मेगाबाइट. दर पिढीला ढोबळ मानाने सोळापट! आणि पाचव्याची? १६ गिगाबाइट, म्हणजे केवळ दुप्पट. सोळापट, सोळापट, सोळापट आणि मग दुप्पट. दर पिढीला यंत्राने मागल्या पिढीला मुळीच ओळखू नये इतके पुढे जावे, असा तो काळ होता, तो सरला. आता वाढ होईल ती अकलेने होईल, आकाराने नव्हे.

आणि आकार वाढवायचे म्हटले तरी स्मृती आणायची कोठून? येथे आपल्या शहराचा संबंध येतो. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात पूर्वी रासायनिक कारखान्यांची धुराडी दिसत; आता तेथे बिनखिडक्यांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यांना डेटा सेंटर म्हणतात. जगभर अशा इमारती झपाट्याने वाढत आहेत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी त्यांना स्मृतीच्या चिपा अफाट प्रमाणात लागतात. या चिपांचे जगातले बहुतेक उत्पादन सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या हातात आहे. साहजिकच २०२५ च्या अखेरीस स्मृतीचे भाव कडाडले; मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा आपला व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. म्हणजे नातवाच्या खेळण्यातली स्मृती आणि आपल्या रेल्वेमार्गाच्या पलीकडे उभ्या असलेल्या इमारतीतली स्मृती यांची एकाच बाजारात ओढाताण चालली आहे. घाऊक गिऱ्हाईक आले की दुकानदार किरकोळ गिऱ्हाइकाकडे पाहत नाही, हे एपीएमसीच्या बाजारात गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे. तेव्हा पुढचे यंत्र स्वस्त असेल, अशी आशा मी तरी आपल्याला देऊ शकत नाही.

किमतीहून मोठा मुद्दा मालकीचा आहे, आणि माझ्या मते आजच्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे. आपण पुस्तक विकत घेतो तेव्हा ते आपले होते. ते शेजाऱ्याला देता येते, वाचनालयाला देता येते, अडचणीत विकता येते. खेळाची डिस्कही अशीच असते. चार हजार नऊशे नव्याण्णव रुपयांचा खेळ मध्यमवर्गातला मुलगा कसा घेतो? तो जुना खेळ विकून त्यात भर घालतो, किंवा दोघे मित्र दोन वेगळे खेळ घेऊन अदलाबदल करतात. लॅमिंग्टन रोडच्या दुकानांपासून आपल्या सोसायटीच्या जिन्यापर्यंत हा व्यवहार वर्षानुवर्षे चालला आहे. गरजेतून निघालेले ते एक वाचनालयच आहे.

हे वाचनालय आता धोक्यात आहे. प्रो आवृत्तीत डिस्क घालायची खाचच नाही. ती वेगळी विकत घ्यावी लागते. निंटेंडोचे दुसरे स्विच यंत्र ५ जून २०२५ रोजी आले आणि चार दिवसांत ३५ लाख विकले गेले. त्याच्या काही खेळांच्या कार्डात खेळ नसतोच, नुसती किल्ली असते, खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. आणि दूरवरचे कुलूप बदलले तर? युबिसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ नावाचा मोटार-शर्यतीचा खेळ होता. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि ज्यांनी पैसे मोजून तो खेळ घेतला होता त्यांच्या हाती काहीच उरले नाही. कपाटातले पुस्तक रातोरात कोरे व्हावे, तशातला हा प्रकार. युरोपात यावरून चळवळ उभी राहिली. विकलेले खेळ कंपन्यांनी मारू नयेत, या मागणीवर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. हा प्रश्न पोरांच्या करमणुकीचा नाही, तो ग्राहकाच्या हक्काचा आहे. आज खेळ, उद्या पुस्तके आणि गाणी. म्हणून दुसरी अपेक्षा अशी की पुढच्या यंत्रात डिस्कची खाच राहावी, आणि जुने खेळ नव्या यंत्रावर चालावेत. चौथ्या यंत्रावर तिसऱ्याच्या डिस्का चालत नव्हत्या. पाचव्यावर चौथ्याचे बहुतेक सगळे खेळ चालतात. ही सुधारणा आहे. नव्या पिढीने जुन्या पिढीला घरातून हाकलू नये, एवढे तरी यंत्रांनी पाळावे!

तिसरी अपेक्षा आपल्या माणसांविषयीची. ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ हा २०१७ चा गाजलेला खेळ आपल्या पश्चिम घाटात घडतो, तो तयार झाला कॅलिफोर्नियात. आपले डोंगर परक्यांनी रंगवले, याचा राग नको. पण आपण का रंगवू नयेत, असा प्रश्न पडला पाहिजे. तो प्रश्न पुण्यातल्या काही तरुणांना पडला. नॉडिंग हेड्स गेम्स या त्यांच्या छोट्या संस्थेने ‘राजी’ नावाचा खेळ केला. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेली एक डोंबाऱ्यासारखे खेळ करणारी मुलगी, आणि तिची कथा सांगणारे विष्णू आणि दुर्गा. २०१७ साली त्यांनी लोकवर्गणीचा प्रयत्न केला, तो फसला. तरी त्यांनी सोडले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये तो खेळ प्रथम निंटेंडोच्या यंत्रावर आणि त्याच वर्षी प्लेस्टेशनवर आला, आणि जगाने तो पाहिला. सोनीनेही २०२३ साली भारतीय खेळकर्त्यांना साहाय्य देणारा एक उपक्रम जाहीर केला. खेळ करणे म्हणजे एकट्याचे काम नव्हे. त्यात चित्रकार लागतो, गवई लागतो, कथाकार लागतो, गणिती लागतो. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून आणि कलाशाळांतून दरवर्षी शेकड्यांनी बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसाठी हे एक नवे दार आहे. मात्र मराठी घरात आलेल्या या यंत्राशी मराठीत बोलण्याची सोय कंपन्यांनी केलेली नाही. पोलंड किंवा फिनलंड यांची लोकसंख्या महाराष्ट्रापेक्षा कितीतरी कमी. त्यांच्या भाषा या यंत्राला येतात. आपली येत नाही, कारण आपण ती मागितली नाही. मागणीवाचून बाजार काही देत नाही.

आता नातवाच्या प्रश्नाचे उत्तर. मी त्याला म्हणालो, “बाळ, वचनांसाठी थांबू नये आणि वचनांसाठी घेऊही नये. जे खेळ आज आहेत ते तुला खेळायचे असतील तर आज घे. डिस्क घालता येईल असे घे. आणि उरलेल्या पैशांत आधी दुसरा खेळ घेऊ नकोस, दुसरा रिमोट घे.” एकेक खेळ आता तीन-तीन पिढ्या टिकतो. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’चा पाचवा भाग २०१३ साली तिसऱ्या प्लेस्टेशनवर आला, पुढच्या वर्षी चौथ्यावर आणि २०२२ साली पाचव्यावर. तो खेळ मुलांसाठी नाही हे येथे सांगून ठेवतो. खोक्यावर वयाचा आकडा छापलेला असतो, तो वाचण्याचे काम पालकांचे आहे. पैसे लावून खेळायचे जे ऑनलाइन प्रकार होते त्यांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली. जुगार आणि खेळ यांत कायद्याने भेद केला. घरात तो भेद आपणच शिकवायचा आहे.

आणि दुसरा रिमोट कशासाठी? तर त्या नकली यंत्रापुढच्या अस्सल गर्दीसाठी. चाळिशीतल्या कोणालाही विचारा, त्याला त्या यंत्राची स्मृती किती मेगाबाइट होती ते आठवणार नाही. शेजारी कोण बसला होता ते आठवेल. आज यंत्र पूर्वीच्या हजारोपट सामर्थ्यवान आहे आणि मुलगा कानाला यंत्रणा लावून एकटा बसला आहे. त्याचा मित्र समोरच्या इमारतीत आहे, त्याच्याशी तो खेळतही आहे, पण दोघांच्यामध्ये सर्व्हर आहे आणि कदाचित समुद्रही आहे. हा दोष यंत्राचा म्हणून आपण हात झटकतो. पण इमारतीच्या तळमजल्यावरचे मोकळे पटांगण मोटारींना कोणी दिले? संध्याकाळी मुले ओरडतात म्हणून सोसायटीच्या सभेत तक्रार कोणी केली? ती मुले वर गेली आणि दार लावून बसली. मग आता ती बोलत नाहीत म्हणून आपण तक्रार करतो.

सिडकोची स्थापना १९७० साली झाली. या दलदलीत आणि मिठागरांत शहर वसेल, त्यात मैदाने असतील, शाळा असतील, मुंबईत ज्यांना हवा मिळत नाही त्यांच्या मुलांना येथे मिळेल, ही एका पिढीने पुढच्या पिढीविषयी केलेली अपेक्षा होती. आपण सगळे त्या अपेक्षेत राहतो आहोत. यंत्राच्या पुढच्या पिढीकडून काय हवे याची यादी मी दिली : वेळेवर यावे, मालकी हिरावू नये, जुन्याला ओळखावे, आपली भाषा बोलावे. ही यादी कंपनीला पाठवता येईल. पण दिवाणखान्यात दुसरा रिमोट हातात घेऊन कोण बसणार, हे कंपनी ठरवणार नाही.

नातवाने यंत्र घेतले. दुसरा रिमोट सध्या माझ्याकडे असतो. मी रोज हरतो. परवा त्याचा समोरच्या इमारतीतला मित्र वर आला, तेव्हा मी आनंदाने माझी जागा त्याला दिली.